सह्याद्रीची रेषा कोणी ओढायची?

30 जुलै 2014 ची सकाळ. आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर उतरला आणि दीडशेच्या आसपास माणसे चिखलाखाली गेली. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 च्या पहाटे, केरळातल्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर तशीच दरड आली. तिथे मृतांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला. दुसऱ्या दिवशी, 31 जुलैला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटातले 56,825.7 चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवण्याचा मसुदा काढला. हा सहावा मसुदा. पहिला मार्च 2014 मध्ये, म्हणजे माळीणच्या आधीच निघाला होता.

दहा वर्षांत सहा मसुदे आणि अंतिम अधिसूचना एकही नाही. कागद जागच्या जागी राहिला आणि तेवढ्या काळात डोंगर बदलत गेला. घाटरस्ते रुंदावले, पोकलेनने उतार सपाट झाले, खाणी खोल गेल्या, जुन्या रानाच्या जागी रबर आणि अननस आले. घाटाबद्दल आपल्याला पुरेशी माहिती नाही म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. देशातल्या फार थोड्या डोंगररांगांचा इतका अभ्यास झाला असेल. अडचण वेगळीच आहे, आणि ती समजून घ्यायची तर जमीन, पाणी आणि वन्यजीव या तिन्ही अंगांनी हा प्रश्न एकदा सलग पाहावा लागतो.

डोंगर एक, कारभार अनेक

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे 1,600 किलोमीटर पसरलेल्या या रांगेला आपण सह्याद्री म्हणतो, सरकारी कागद पश्चिम घाट म्हणतात. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू अशी सहा राज्ये तिच्यावर हक्क सांगतात. उंचीत आपला भाग ठेंगणा: कळसूबाई 1,646 मीटर, तर केरळातले अनाइमुडी 2,695. जातकुळीही निराळी. उत्तरेत लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला काळा बेसॉल्ट आणि बऱ्याच ठिकाणी माथ्यावर जांभ्याचे सडे; दक्षिणेत त्याहून कितीतरी जुने खडक, शोला जंगले आणि गवताळ माथे. 2012 मध्ये युनेस्कोने घाटातल्या 39 स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत महाराष्ट्रातली चार आहेत: कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

घाटातल्या बेडकांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यात 2020 मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी तिथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. जेमतेम पाच एकरांची ही जागा. घाटातली श्रीमंती अशी लहान लहान कोपऱ्यांत भरलेली असते आणि एका वळणाचा रस्ता रुंद करताना ती कायमची जाऊ शकते.

पावसाचेही तसेच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पसरणीचा घाट उतरून वाईला आले की सात-आठशे, आणि आणखी पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आसपास. गोदावरी, कृष्णा, भीमा, कावेरी या सगळ्या पूर्ववाहिन्या घाटमाथ्यावर उगम पावतात. ढग अडवणे, पाणी मुरवणे, झऱ्याने ते खाली सोडणे, रानाने माती धरून ठेवणे, त्या रानातून जनावरांनी उत्तर-दक्षिण फिरणे हे सारे एकमेकांत गुंतलेले आहे. कारभार मात्र वाटलेला: जंगल वनखात्याचे, पड महसुलाची, धरण जलसंपदेचे, रस्ता बांधकामाचा, आणि मोठा प्रकल्प आला की त्याचे स्वतंत्र प्राधिकरण. प्रत्येकाचा नकाशा वेगळा आणि त्याची कड दुसऱ्याच्या नकाशाशी जुळत नाही.

दोन अहवाल आणि त्यांची वाट

घाट वाचवण्याची हाक जुनी आहे. नोव्हेंबर 1987 मध्ये नवापूर आणि कन्याकुमारी अशा दोन टोकांहून ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली आणि फेब्रुवारी 1988 मध्ये गोव्यात फोंड्याजवळ दोन्ही बाजूंचे लोक भेटले. सरकारी पातळीवर मोठे पाऊल पडले ते मार्च 2010 मध्ये, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली तेव्हा. समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. तो मंत्रालयाने दाबून ठेवला आणि माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे 2012 मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला.

गाडगीळ समितीने सबंध घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले. कुठे खाण नको, कुठे नवे धरण नको, कुठे काय चालेल हे स्तरानुसार सांगितले. त्या शिफारशी सर्वांना आठवतात. अहवालातला दुसरा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटला: हे स्तर प्राथमिक आहेत, शेवटची सीमा ग्रामसभांशी बोलून, खालून वर ठरवावी. दोडामार्ग आणि सावंतवाडी भागातल्या 25 गावांच्या ग्रामसभांनी तर आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठरावच केले होते. खाण दारात येऊ नये म्हणून. अहवालात त्या ठरावांची नोंद आहे.

अहवाल इंग्रजीत होता. गावात पोचली ती अफवा. घर बांधता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत, जमीन वनखात्याकडे जाणार. केरळात 2013 मध्ये हरताळ आणि जाळपोळ झाली. तोवर के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला होता. एप्रिल 2013 च्या त्याच्या अहवालाने उपग्रहचित्रांवरून घाटाच्या सुमारे 37 टक्के भागापुरतेच संवेदनशील क्षेत्र सुचवले आणि गावाचा 20 टक्के भाग त्यात येत असेल तर अख्खे गाव धरायचे, असे ठरवले. गणित सोपे झाले. ग्रामसभेचे मत मात्र त्या गणितातून गळले.

पुढची कहाणी घासाघिशीची आहे. केरळने आपला वाटा 13,108 चौरस किलोमीटरवरून 9,993.7 वर आणला. कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मसुदा पुन्हा नाकारला. गोवा आणि महाराष्ट्र यांनीही गावे वगळण्याची मागणी लावून धरली. सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर आहेत. त्यात बंदी आहे ती नवी खाण, दगडखाण, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, सर्वाधिक प्रदूषणाच्या लाल गटातले नवे उद्योग आणि 20,000 चौरस मीटरवरची बांधकामे यांना. चालू खाणी पाच वर्षांत बंद करायच्या आहेत. शेती, बागायत आणि राहत्या घराची दुरुस्ती यांना धक्का नाही.

अशा क्षेत्रात जगणे कसे असते, हे पाहायला लांब जायची गरज नाही. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून संवेदनशील क्षेत्र आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी त्यानंतरच भौगोलिक मानांकन मिळवून देशभर गेली आणि भिलार पुस्तकांचे गाव झाले. कोणाची जमीन वनखात्याकडे गेली नाही. हेही खरे की बेकायदा बांधकामे तिथे थांबलेली नाहीत. म्हणजे विरोधकांची भीती फोल ठरली आणि समर्थकांची आशाही अर्धीच फळली. कायद्याची रेषा अंमलबजावणी करणाऱ्याच्या हाताइतकीच मजबूत असते.

दरडीचे शास्त्र आणि दरडीची यादी

माळीणनंतर 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातले तळीये गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी गेली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसे सापडलीच नाहीत. माळीणमध्ये महादेव कोळी, इर्शाळवाडीत ठाकर. दरड कोणाच्या अंगावर येते, हे जमातींच्या या नावांतही दिसते.

सह्याद्रीच्या उतारावर वर कुजलेला मुरूम आणि माती, खाली अभंग कातळ अशी रचना असते. दिवसेंदिवस पाऊस लागला की वरचा थर पाणी पिऊन जड होतो आणि कातळावरून सुटतो. उताराचा पायथा रस्त्यासाठी कापला, पाणी वाहून नेणारी नळी बुजवली, यंत्राने खाचरे पाडली, झाडांची मुळे गेली, की हे लवकर घडते. माळीणनंतर उतारावरच्या सपाटीकरणाची चर्चा याच कारणाने झाली. पण सारा दोष तिथल्या माणसाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माणदेशात वर्षभर पडतो त्याहून जास्त. असा पाऊस दाट रान असलेला उतारही खाली आणतो.

इर्शाळवाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत बसून केलेल्या यादीत वाड्या सुटणारच. याउलट वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था स्थानिकांच्या मदतीने दोनशेच्या आसपास ठिकाणी पाऊस मोजते. त्या आकड्यांवरून तिने आदल्या दिवशीच प्रशासनाला धोक्याचा इशारा दिला होता. लोक वेळेत हलवले गेले असते तर, हा प्रश्न तिथे अजून विचारला जातो. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, जमिनीला भेग पडणे, झाडे नि खांब कलणे या खुणा वाडीतल्या माणसाला आधी दिसतात. त्याच्या हातात पर्जन्यमापक आणि त्याने फोन केल्यावर उचलणारा तहसीलदार, एवढी यंत्रणा प्रत्येक खोऱ्यात उभी करायला फार मोठा खर्च येत नाही.

पाणी डोंगराचे, टँकरही डोंगरालाच

महाराष्ट्राची वीज आणि मुंबईचे नळ शंभर वर्षे या डोंगरावर चालले आहेत. टाटांचे खोपोलीचे वीजघर 1915 मध्ये सुरू झाले. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झाले. कोयनेच्या 105 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) जलाशयातून वर्षाला 67.5 टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याची मुभा आहे. पूर्वेचे पाणी बोगद्यातून खाली येऊन वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळते, आणि त्याच कृष्णा खोऱ्यात माण-खटाव टँकरची वाट पाहत असतात. ही वीज नको असे म्हणता येणार नाही. पण धरणाचा हिशेब मांडताना डोंगराच्या खात्यावर काय जमा झाले, हा रकाना कायम कोरा राहिला.

शहापूर तालुका त्याचा ठसठशीत नमुना. भातसा, तानसा, वैतरणा इथल्या पाण्यावर मुंबई जगते आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना टँकर लागतो. आता गारगाई धरणाचा प्रस्ताव आहे, तोही तानसा अभयारण्याच्या परिसरात. दक्षिणेला म्हादईवरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात तीन दशकांचे भांडण आहे. लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले, तरी ते मिटलेले नाही. कळसा-भांडुराचे पाणी वळवले की खाली म्हादई अभयारण्यातल्या झऱ्या-ओढ्यांचे काय होईल, हा गोव्याचा प्रश्न टीएमसीच्या भाषेत बसत नाही.

धरणांच्या गोंगाटात झरा विसरला गेला. घाटातली बहुतेक जुनी गावे झऱ्याच्या आधाराने वसली. सड्यावर आणि बेसॉल्टच्या फटीत मुरलेले पाणी जिथे अभंग थर लागतो तिथे उतारावर बाहेर येते. म्हणजे झरा एका ठिकाणी दिसतो आणि त्याचे पाणलोट कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असते. तिथे खाण पडली किंवा सडा फोडून प्लॉट पाडले, की अलीकडचा झरा आटतो आणि कारण कोणाला सापडत नाही. पुण्याच्या अॅक्वाडॅम या संस्थेने देशातल्या डोंगराळ भागांत झऱ्यांचा भूजलशास्त्रीय अभ्यास करून ते पुन्हा वाहते करण्याची पद्धत रुजवली आहे. जलयुक्त शिवारावर जेवढे बोलले गेले त्याच्या दशांश तरी या कामावर बोलायला हवे. खालच्याने वरच्याला मोबदला देण्याचा विचारही आपल्याकडे नवखाच आहे. हिमाचलातल्या पालमपूर नगरपरिषदेने आपल्या झऱ्याचे पाणलोट राखणाऱ्या गावांशी पैशांचा करार करून वाट दाखवली आहे. मुंबईच्या पाणीपट्टीत शहापूरसाठी चार पैसे का नसावेत?

वाघाची वाट

वन्यजीवांच्या बाबतीत घाटाचा दक्षिण भाग भरलेला आणि उत्तर भाग रिकामा होत गेलेला आहे. बंदीपूर, नागरहोळे, मुदुमलै आणि वायनाड हा सलग पट्टा वाघ-हत्तींचा मोठा आसरा आहे. तिथून उत्तरेला कर्नाटकातले काळी, मग गोव्यातले म्हादई, तिलारी, राधानगरी, चांदोली आणि कोयना अशी जंगलांची साखळी लागते. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण वाघ अनेक वर्षे नुसता पाऊलखुणांत राहिला. 2018 मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने एक टिपला, मग डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा. हे वाघ कोणी आणून सोडले नव्हते, दक्षिणेतून चालत आले होते. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. बाहेरून वाघ आणणे हा उपाय तेव्हाच टिकतो, जेव्हा साखळीतली मधली कडी शाबूत असते आणि खायला सांबर-गवा पुरेसा असतो.

नेमकी मधली कडीच कच्ची आहे. जानेवारी 2020 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिचे बछडे, असे चार वाघ विष घालून मारले गेले. गाई गेल्या, भरपाई वेळेवर नाही, असा राग त्यामागे असल्याचे समोर आले. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत म्हादई परिसराचा व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्यास सांगितले, तर गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. महाराष्ट्राने 2020 पासून तिलारी, आंबोली-दोडामार्ग, विशाळगड, चंदगड असे संवर्धन राखीव क्षेत्रांचे पट्टे जाहीर केले, हे काम महत्त्वाचे आहे. अशा राखीव क्षेत्रांत माणसाचे हक्क कायम राहतात आणि जनावरालाही वाट मिळते.

जनावर शेतात येते तेव्हा मात्र कोणाला जैवविविधता आठवत नाही. 1958 पासून गव्यासाठी राखलेल्या राधानगरी-दाजीपूरच्या पायथ्याला गवा उसात शिरतो. 9 डिसेंबर 2020 ला पुण्यात कोथरूडमध्ये आलेला गवा गर्दीने पळवून पळवून दमवला आणि तो मेला. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून आलेले हत्ती दोडामार्गच्या माडा-केळींत फिरतात. कोकणात वानरे, माकडे आणि रानडुकरे यांना कंटाळून लोकांनी भात सोडले आहे. जुन्नरच्या उसातल्या बिबट्यांवर विद्या अत्रेय यांनी केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे: बिबटे पकडून दुसऱ्या रानात सोडल्याने हल्ले कमी झाले नाहीत, उलट सोडलेल्या जागांजवळ ते वाढले. पिंजरा लावा, ही मागणी स्वाभाविक आहे. पिंजऱ्याने प्रश्न सुटत नाही.

देवराई, सडा आणि खासगी रान

अभयारण्याची हद्द संपली की रान संपत नाही. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदल्या आणि त्यांवर लिहिले. देवाच्या नावाने कुऱ्हाड लागू न दिलेल्या या तुकड्यांत जुने बेहडे, गारंबीचे वेल, बारमाही झरे टिकून आहेत. आज देवराईला भक्तीचाच धोका आहे: कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा सभामंडप, त्यासाठी पार्किंग, त्यासाठी झाडे. देव मोठा होतो आणि राई लहान.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर बरेचसे जंगल खासगी सातबारावर आहे. मालकाला रान राखून काहीच मिळत नाही, तोडून मिळते. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदार येतो आणि सरसकट तोड होते. लाकूड भट्टीला जाते. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने संगमेश्वर भागात मालकांना मोबदला देऊन रान राखण्याचे करार केले. धनेशाच्या घरट्यांचे मोठे बेहडे न तोडता त्यांची फळे, आणि भीमाशंकर भागातला हिरडा, प्रमाणित करून विकण्याचाही मार्ग काढला. उभ्या झाडाची किंमत तोडलेल्या झाडाहून जास्त झाली, तरच हे रान उभे राहील.

सड्यांना तर सरकारी भाषेत शब्दच पडीक. पावसाळ्यात त्याच पडीक जमिनीवर कासला शेकडो जातींची फुले येतात. गर्दी आवरायला तिथे कुंपण घातले गेले. गुरांची चराई थांबून उंच गवत माजले, लहान फुलझाडे मागे पडू लागली, अशी तक्रार जाणत्यांनी केली आणि पुढे कुंपण काढले गेले. गुराख्याला बाहेर काढले म्हणजे निसर्ग वाचतो असे नाही, हा धडा साताऱ्याने जगाला द्यावा असा आहे. त्याच पठारांच्या रांगेत चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. तिथल्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आणि गळ्याखाली निळा-केशरी पंखा फुलवणारे सरडे जास्त आढळले. शिकारी गेला की खालची घडी बदलते. आता उदंचन जलविद्युत प्रकल्पांची लाट आली आहे. तारळी, पाटगाव, भिवपुरी, शिरवटा ही नावे प्रस्तावांच्या यादीत आहेत. सूर्य मावळल्यावर विजेची साठवण लागते, हे मान्य. पण वर एक आणि खाली एक असे दोन तलाव, बोगदे आणि रस्ते प्रत्येक खोऱ्यात किती मावतील, याचा एकत्र हिशेब कोणी केलेला नाही. परवानगी सुटी सुटी मिळते. ‘नवीन महाबळेश्वर’ गिरिस्थानाचा 235 गावांचा आराखडाही याच डोंगरावर, कोयनेच्या काठाने आखलेला आहे.

जिथे जमले, तिथे कसे जमले?

सारे निराशेचेच नाही. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचे धरण शास्त्रज्ञ, शिक्षक आणि कवी यांच्या चळवळीने अडवले आणि 1984 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. कुद्रेमुखची लोहखाण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 2005 च्या अखेरीस बंद झाली. गोव्यात मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी मे 2022 मध्ये रद्द झाली, ती तरुणांनी दोन वर्षे लावून धरलेल्या आंदोलनानंतर. तमिळनाडूत वालपारैच्या चहामळ्यांत हत्ती जवळ आला की मजुरांच्या मोबाइलवर संदेश येतो आणि खांबावरचा लाल दिवा लागतो. अंधारात हत्तीसमोर जाऊन मरणारी माणसे त्यामुळे वाचू लागली. केरळातल्या पेरियारमध्ये चोरून झाडांची साल सोलणाऱ्यांनाच रानवाटाडे केले गेले.

यांतल्या न्यायालयाच्या वाटेने एखादी खाण थांबते, एखादे धरण थांबते. रोजचा डोंगर सांभाळला जात नाही. तो वालपारैच्या दिव्याने, पेरियारच्या वाटाड्याने, संगमेश्वरच्या कराराने सांभाळला जातो. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. निर्णयात, कामात किंवा कमाईत तिथल्या माणसाचा वाटा आहे.

म्हणून मसुद्याला विरोध करणे चूक आणि मसुदा निघाला की झाले, असे समजणेही चूक. खाण आणि मोठे बांधकाम रोखायला कायद्याची रेषा हवीच. ती गावावर सोडली तर ठेकेदार गावालाच विकत घेतो, हे आपण पाहिलेले आहे. पण कोणत्या सड्यावर चराई, कोणत्या झऱ्याचे पाणलोट राखीव, कोणत्या उतारावर यंत्र नको, हे वरून ठरवता येत नाही. प्रत्येक गावाची यादी आणि नकाशा मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. ग्रामसभेत तो वाचला जावा आणि ग्रामसभेचा ठराव मंत्रालयावर बंधनकारक नसला तरी किमान उत्तर देणे भाग पाडणारा असावा. वनहक्क कायद्यातला सामूहिक हक्क गडचिरोलीत जसा उभा राहिला, तसा सह्याद्रीत देण्याची घाई व्हावी. एका खोऱ्यातल्या सगळ्या प्रकल्पांचा हिशेब एकत्र तपासला जावा. आणि पाणी-वीज घेणाऱ्या शहरांनी डोंगराचे देणे द्यावे.

गाव स्वतःहून रेषा मागतच नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी सिंधुदुर्गातली ती 25 गावे आहेत. त्यांचे ठराव 2011 च्या अहवालात नोंदले गेले. नंतरच्या मसुद्यांनी त्या पट्ट्याला जागा दिली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि सावंतवाडी-दोडामार्गची ही 25 गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची कार्यवाही चार महिन्यांत करा, असा आदेश न्यायालयाने 22 मार्च 2024 ला दिला. मधली तेरा वर्षे तिथल्या डोंगरावर झाडे पडत राहिली, आणि जुलै 2021 मध्ये याच दोडामार्ग तालुक्यात कळणे गावच्या खाणीचा बांध फुटून चिखल लोकांच्या बागायतीत शिरला.